खचलेल्या उखळीत उसनं हाड

रुग्ण ५५ वर्षांच्या बाई. राहणार नायगावची बीडीडी चाळ, दुसरा मजला. पोळी-भाजी केंद्र चालवून घर सांभाळतात. नाव देत नाही. वॉर्डात सगळे त्यांना ताई म्हणत, इथेही तेच. उजव्या खुब्याचा सांधा १९९९ साली, बत्तिसाव्या वर्षी बदललेला. आमच्याकडे आल्या तेव्हा उजवा पाय अडीच सेंटिमीटर आखूड, चालताना उजवीकडे झोल, आणि बसून उठलं की पहिली पाच-सहा पावलं जांघेत कळ. चालायला लागलं की कळ कमी होते, असं त्या म्हणाल्या. सांधेबदल झालेल्या रुग्णानं हे वाक्य उच्चारलं की आम्ही कान टवकारतो. उठताक्षणी जांघेत दुखतं तेव्हा बहुतेक वेळा वाटी, म्हणजे कृत्रिम सांध्याचा खुब्याच्या उखळीत बसवलेला भाग, हाडात सैल झालेली असते. मांडीत दुखत असेल तर संशय मांडीच्या हाडात घातलेल्या दांडीवर जातो.

तिशी गाठायच्या आत ताईंना पेम्फिगस झाला होता. अंगावर, तोंडात फोड येण्याचा आजार. स्टेरॉइडनं त्या वाचल्या, पण मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला, आणि तोही दोन्ही बाजूंचा. उजवा गोळा खचल्यामुळे तो सांधा बदलला. डाव्या बाजूला हाडात भोक पाडून आतला दाब कमी केला होता. तो खुबा कुरकुरत का होईना, टिकला. आपल्याकडे तरुण वयात खुबा बदलावा लागण्यामागे हे कारण फार वेळा भेटतं. त्यामुळे पन्नाशीत दुसऱ्या शस्त्रक्रियेला आलेले रुग्णही भेटतात. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतला पुनर्शस्त्रक्रियेचा रुग्ण बहुधा सत्तरीतला असतो. त्याच्यासाठी लिहिलेला सल्ला ताईंना जसाच्या तसा लावला तर सत्तरीत त्यांची पंचाईत होणार. पुढचे सगळे निर्णय या हिशेबावर झाले.

पहिला सांधा बावीस वर्षं चालला. त्यातली बरीचशी वर्षं आतलं हाड विरत होतं, हे ताईंना कळायचं काही कारणच नव्हतं. धातूचा गोळा प्लास्टिकच्या अस्तरावर घासतो, पॉलिइथिलिनचे एका मायक्रॉनपेक्षाही बारीक कण सुटतात. भक्षक पेशी ते गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. मग त्या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि वाटीच्या मागचं हाड पोखरलं जातं. याला ऑस्टिओलायसिस म्हणतात. वाटी सुटेपर्यंत किंवा हाड मोडेपर्यंत यात दुखत काही नाही. म्हणून तक्रार असो-नसो, बदललेल्या सांध्याचा एक्सरे ठरावीक काळानं काढायचा असतो. ताईंनी तो कित्येक वर्षांत काढला नव्हता. "दुखतच नव्हतं तर कशाला येऊ?" या त्यांच्या प्रश्नात खोट काढता येत नाही. मांडी घालू नका हेही त्यांना सांगितलेलं होतं, पण घरात गणपती बसल्यावर खुर्चीत बसून मोदक वळायचे का, असा त्यांचा सवाल. २०२० च्या सुरुवातीला लंगडणं सुरू झालं, पाठोपाठ टाळेबंदी लागली, नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या. त्या आमच्यापर्यंत पोचल्या तोवर २०२१ सालचा पावसाळा सरत आला होता.

एक्सरेत अस्तराच्या आतला गोळा वरच्या बाजूला साधारण चार मिलिमीटर सरकलेला. म्हणजे वर्षाला ०.१८ मिलिमीटर झीज. ही झीज वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर ऑस्टिओलायसिस क्वचित दिसतो, त्यापुढे त्याचं प्रमाण वाढत जातं. तेव्हाचं साधं पॉलिइथिलिन आणि हालचाल भरपूर असलेली तरुण बाई, यात या आकड्याचं आश्चर्य नव्हतं. धातूची वाटी वर सरकून कलली होती, एक स्क्रू तुटलेला. मांडीच्या हाडातली दांडी मात्र घट्ट होती. फक्त वरच्या टोकाला, मोठ्या ट्रोकँटरमध्ये, म्हणजे मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यात, हाड पोकळ झाल्याचा काळा डाग.

उखळीचं नुकसान किती, हे ठरवायला आम्ही पाप्रोस्कीची वर्गवारी वापरतो. साध्या एक्सरेवर चार गोष्टी बघायच्या: सांध्याचं केंद्र किती वर गेलं, खालच्या टोकाचा अश्रूच्या आकाराचा ठसा शाबूत आहे का, बैठकीचं हाड विरलंय का, आणि वाटी कोलरच्या रेषेपलीकडे श्रोणीत, म्हणजे कंबरेच्या हाडांच्या आतल्या पोकळीत, घुसली आहे का. ताईंचं केंद्र ऑब्ट्युरेटर रेषेच्या, म्हणजे श्रोणीतल्या खालच्या दोन भोकांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेच्या, जेमतेम तीन सेंटिमीटर वर. दुसरा प्रकार संपून तिसरा सुरू होतो तो नेमका इथेच. कोलरची रेषा शाबूत, अश्रूचा ठसा थोडा झिजलेला, बैठकीच्या हाडात किरकोळ विरळपणा. एक्सरेवर काहींनी २ब म्हटलं, काहींनी ३अ. हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, कारण एक्सरे नेहमी कमीच दाखवतो. वाटीच्या धातूमागचं हाड त्यात झाकलं जातं. धातूची झळाळी कमी करणारा सीटी स्कॅन केल्यावर खरं चित्र दिसलं. उखळीच्या वरच्या-बाहेरच्या काठाचा जवळपास तिसरा हिस्सा गायब, आतली भिंत एका जागी कागदासारखी पातळ, पण मागचा खांब, म्हणजे उखळीला मागून आधार देणारं हाड, भक्कम आणि श्रोणी दुभंगलेली नाही. शेवटच्या दोन गोष्टींवर पुढची योजना उभी होती. मागचा खांब तुटलेला असता तर हे प्रकरण वेगळ्याच वाटेनं गेलं असतं.

जुनी दांडी ठेवायची तर तिच्या टोकाच्या निमुळत्या भागाचं माप नेमकं माहीत हवं. नवा गोळा त्यावरच बसतो, आणि कंपनीनुसार हे माप बदलतं. ताईंचे कागद २६ जुलै २००५ च्या पुरात गेलेले. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पोळी-भाजी केंद्राच्या गाळ्यात छातीएवढं पाणी होतं आणि फाईल तिथल्याच ट्रंकेत. शेवटी पहिल्या रुग्णालयाच्या जुन्या ऑपरेशन रजिस्टरात इम्प्लांटचं नाव आणि आकार सापडला. तरीही दांडी काढावी लागली तर मांडीचं हाड उघडायची अवजारं आणि लांब दांडी तयार ठेवली. पुनर्शस्त्रक्रियेत निम्मं काम टेबलावर रुग्ण येण्याआधी झालेलं असावं लागतं.

सैल सांधा म्हणजे जंतुसंसर्ग नाही हे सिद्ध होईपर्यंत संसर्गच, असं धरून चालायचं. रक्तात संसर्गाची चाहूल देणाऱ्या दोन चाचण्यांपैकी ईएसआर किंचित वाढलेला, सीआरपी सामान्य. सी-आर्म या फिरत्या एक्सरे यंत्राखाली सांध्यातलं पाणी काढलं. पांढऱ्या पेशी हजाराच्या आत, कल्चर चौदा दिवस ठेवूनही निरंक. मुंबईत काम करणाऱ्यानं क्षयरोग विसरायचा नसतो, म्हणून सीबीनॅट चाचणीही केली. तीही निरंक.

आता मुख्य प्रश्न. खचलेल्या जागेत भरायचं काय?

सर्वांत सोपा मार्ग जंबो वाटीचा: पोकळी मोठी तर वाटीही मोठी. स्त्रियांमध्ये ६२ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या वाटीला जंबो म्हणतात. ताईंची बांधेसूद लहान चण, पहिली वाटी ५० मिलिमीटरची. तिथे ६२ ची बसवायची तर मागचा शाबूत खांबही खरवडावा लागेल. जे भांडवल शिल्लक आहे तेच खर्च करायचं, असा हा व्यवहार. सांध्याचं केंद्र वरच ठेवून तिथेच वाटी बसवण्याचा पर्याय पाय आखूड ठेवतो. अखंड हाडाचा मोठा तुकडा स्क्रूनं काठाला जोडायची पद्धतही आहे, सुरुवातीचा एक्सरे अगदी देखणा दिसतो. पण दात्याच्या अशा मोठ्या तुकड्यात नवं हाड फक्त पृष्ठभागापासून काही मिलिमीटर आत शिरतं. गाभा मेलेलाच राहतो आणि काही वर्षांनी भाराखाली खचू शकतो.

खरी चुरस उरलेल्या दोन पर्यायांत होती आणि आमच्या युनिटमध्ये त्यावर एकमत नव्हतं.

एक, टँटलमचा सच्छिद्र धातू. काठाच्या खिंडारात धातूचं पाचर बसवायचं, त्याला टेकून वाटी. पहिल्या दिवसापासून स्थिर, हाड छिद्रांत वाढतं, रुग्ण लवकर चालतो. आमच्या एका सहकाऱ्याचा याला ठाम पाठिंबा होता आणि त्याचा मुद्दा बिनतोड होता: हाडाचे तुकडे ठोकून बसवण्याचं यश करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं, धातूचं त्या मानानं कमी. एखाद्या केंद्राला जमलेली गोष्ट सगळीकडे तशीच जमते असं नाही, हेही त्यानं सुनावलं.

दुसरा पर्याय ठोकून बसवलेल्या हाडाचा, म्हणजे इम्पॅक्शन बोन ग्राफ्टिंग. नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथे स्लोफ आणि सहकाऱ्यांनी १९७९ पासून हे उखळीसाठी सुरू केलं आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं. मांडीच्या हाडासाठी तेच तंत्र इंग्लंडमधल्या एक्सेटरला लिंग आणि गी यांनी १९८७ पासून वापरलं. काठ नसेल तिथे धातूची जाळी लावून पोकळी बंदिस्त करायची, दात्याच्या हाडाचे तुकडे थरावर थर ठोकून बसवायचे, वर सिमेंट आणि सिमेंटमध्ये प्लास्टिकची वाटी. नायमेखेनच्या पहिल्या मालिकेत वीस वर्षांनंतर सुमारे ७५ टक्के वाट्या कुठल्याही कारणानं बदलाव्या लागल्या नव्हत्या. सगळ्यात मोठ्या दोषांत मात्र या पद्धतीचं अपयश वाढतं.

मी हाडाच्या बाजूचा होतो. धातू खिंडार बुजवतो, पण हाड परत आणत नाही. ताई पंचावन्नच्या. ही वाटी उत्तम टिकली तरी त्यांच्या आयुष्यात तिसरी शस्त्रक्रिया येण्याची शक्यता धरूनच चालायला हवं. त्या वेळी हाडात रुजलेला टँटलम काढायचा म्हणजे सोबत हाडही निघणार. उलट ठोकलेलं हाड जिवंत झालं तर पुढच्या सर्जनला आज आहे त्यापेक्षा जास्त भरीव उखळी मिळेल. हीच बाई पंचाहत्तर वर्षांची असती तर मी बिनदिक्कत धातू बसवून दुसऱ्या दिवशी चालवलं असतं. युनिटच्या प्रमुख सरांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि निकाल हाडाच्या बाजूनं दिला, पण टँटलमचं पाचर थिएटरात हजर ठेवायच्या अटीवर.

हे ताईंना आणि त्यांच्या मुलाला समजावून सांगायला बरीच बैठक झाली. मुलाचं म्हणणं, "सर, स्टीलचं काहीतरी कायमचं बसवून टाका ना." कायमचं असं काही या शास्त्रात नसतं, हे सांगितल्यावर तो जरा नाराज झाला. ताईंची शंका वेगळी होती.

"दुसऱ्याचं हाड म्हणजे मेलेल्या माणसाचं का हो?"

"बहुतेक वेळा नाही, ताई. तुमच्यासारखंच कुणाचा तरी खुबा बदलतात, तेव्हा जो गोळा काढून टाकावा लागतो तो त्यांनी परवानगी दिली तर बोन बँकेत जातो. मृत्यूनंतर दान केलेलं हाडही असतं, पण खुब्याचे गोळे जास्त करून जिवंत माणसांचेच."

"मग माझ्या डाव्या खुब्याचा गोळा निघाला तर तो चालेल का कुणाला?"

चालणार नाही, असं सांगावं लागलं. ज्याचा रक्तपुरवठा गेला ते हाड मुळात मेलेलं. शिवाय पेम्फिगससारखा आजार आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेला दाता बँक नाकारते. कर्करोग झालेला, कुठलाही चालू संसर्ग असलेला दाताही बाद. उरलेल्यांच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस यांसाठी तपासणी होते. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन ऊतींचाही समावेश झाला, त्यामुळे बँकेला नोंदणी लागते. आपल्याला मुंबईत एक सोय आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८८ पासून टिश्यू बँक आहे. तिथे हाड स्वच्छ करून, गोठवून वाळवून, २५ किलोग्रे गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. ताईंसाठी अशाच प्रक्रिया केलेल्या तीन गोळ्यांची व्यवस्था केली.

नायमेखेनची मूळ पद्धत ताज्या गोठवलेल्या, किरण न दिलेल्या हाडाची आहे. वाळवलेलं, किरणं दिलेलं हाड थोडं ठिसूळ होतं आणि त्यातली हाड उगवायला चिथावणारी प्रथिनंही काही प्रमाणात कमी होतात. तरी मी ते स्वीकारलं. या तंत्रात एकेका तुकड्याची ताकद कामाला येत नाही. बंदिस्त जागेत दाबलेल्या ढिगाची येते. बदल्यात संसर्गाची भीती बरीच कमी होते. पंचावन्न वर्षांच्या, आधी त्वचेच्या आजारातून गेलेल्या बाईसाठी हा सौदा मला परवडणारा वाटला. रुग्णाच्या स्वतःच्या हाडाची सर यातल्या कशालाच नाही. त्यात जिवंत पेशी असतात. पण कंबरेच्या हाडातून एवढा माल निघत नाही, आणि काढला तर तिथे वेगळं दुखणं.

शस्त्रक्रिया फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. कुशीवर झोपवून, मागच्या बाजूनं, जुन्याच व्रणावरून. आत शिरल्यावर राखाडी-पिवळट, चिकट पडदा. त्याचे पाच वेगवेगळे नमुने कल्चरला आणि एक सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. अस्तर एका बाजूला झिजून कडेला पापुद्र्याएवढं उरलेलं. तुटका स्क्रू सोडला तर वाटी हातानंच निघाली. दांडी हलवून, पिळून बघितली, जागची हलेना. टोकाचा निमुळता भाग शाबूत होता, तेव्हा दांडी ठेवली.

मग उखळीची सफाई. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. पडदा कणभरही राहता कामा नये, कारण मेलेल्या हाडाला जिवंत व्हायला रक्त लागतं आणि ते फक्त रुग्णाच्या हाडातूनच येणार. खालचं हाड पांढरं, चकचकीत, कडक झालं होतं. त्यात दोन मिलिमीटरच्या ड्रिलनं बारीक भोकं पाडली तेव्हा कुठे रक्ताचे ठिपके दिसू लागले. चाचणीची वाटी खालच्या आडव्या अस्थिबंधापाशी, म्हणजे जिथे निसर्गानं केंद्र ठेवलं होतं तिथे धरून बघितली. वर मोकळी जागा किती आहे, काठ किती गेलाय, हे तेव्हाच नेमकं कळतं. सीटीत दिसलं होतं त्यापेक्षा काठ थोडा जास्तच गेलेला. आतल्या पातळ भिंतीला बोटाएवढं छिद्र. तिथे आतून पातळ जाळी टाकली. बाहेरच्या काठाला दुसरी, मापानं कापून, छोट्या स्क्रूंनी सगळीकडून घट्ट. जाळी ढिली राहिली तर हाड ठोकताना ती फुगते आणि मग ठोकणं नुसतं नावापुरतं उरतं.

हाडाचे तुकडे सात ते दहा मिलिमीटरचे, हाताच्या चिमट्यानं पाडलेले. यंत्रात दळलेला बारीक चुरा उखळीत चालत नाही. तो दाबला तरी एकमेकांत अडकून उभा राहत नाही, घसरतो. सलाइनमध्ये भिजवून आधी पाणी प्यायला लावलं, मग फवाऱ्याखाली पुन:पुन्हा धुतलं. चरबी राहिली तर तुकडे एकमेकांवर सरकतात. धुतल्यावर तुकडे अगदी पांढरे निघतात. आधी छिद्रं आणि खाचखळगे लहान तुकड्यांनी भरले, मग थर, मग अर्धगोल ठोकणी ठेवून हातोडा. पुन्हा थर, थोडी मोठी ठोकणी, पुन्हा हातोडा. शेणामातीची जमीन चोपणीनं चोपून घेतात तसंच हे काम: भराव टाकून वरवर दाबलं तर चार दिवसांत खड्डा पडतो. रीमर, म्हणजे हाड खरवडायचं फिरतं अवजार, उलटा फिरवून हाड दाबायची सोपी युक्ती काही जण वापरतात. त्यानं भरलेली उखळी कमी घट्ट बसते, प्रयोगशाळेत हे मोजलं गेलंय. हातोड्याला पर्याय नाही. तिन्ही गोळे संपत आले. भराव कुठेही पाच मिलिमीटरपेक्षा पातळ राहू दिला नाही, जाडी सगळ्यात जास्त वरच्या बाजूला. शेवटी ठोकणीचा आवाज बदलतो. भुसभुशीत थप्प जाऊन कडक टण् येतो. त्या आवाजावर माझा एक्सरेइतकाच विश्वास आहे.

प्रतिजैविक मिसळलेलं सिमेंट दाब देऊन भरलं, त्यात क्रॉसलिंक केलेल्या, म्हणजे रेणू एकमेकांना जोडून टिकाऊ केलेल्या, पॉलिइथिलिनची वाटी, गोळा ३२ मिलिमीटरचा. या प्लास्टिकची झीज जुन्यापेक्षा कितीतरी कमी, तेव्हा ताईंच्या पहिल्या सांध्याची गोष्ट याच वेगानं पुन्हा घडण्याची शक्यता कमी आहे. टँटलमचं पाचर पाकिटातच राहिलं. उरलेले मूठभर तुकडे ट्रोकँटरमधल्या पोकळीत भरले. तिथे सिमेंट नाही, ठोकायला जागा नाही, नुसते बोटानं दाबून. पाय साधारण दीड सेंटिमीटर लांबला. याहून ओढला असता तर सायटिक नसेवर ताण आला असता.

पाचही कल्चर निरंक आले.

नंतरचे तीन महिने शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे होते, आणि शहराच्या दृष्टीनं जास्त कठीण. पहिले सहा आठवडे उजवा पाय फक्त जमिनीला टेकवायचा, बाराव्या आठवड्यापर्यंत हळूहळू भार वाढवायचा, तोवर वॉकर. बीडीडी चाळीत एकशे साठ चौरस फुटांची खोली, दोन मजले जिने आणि व्हरांड्याच्या टोकाला उकिडवं बसायचं सामाईक शौचालय. सांधा निखळवायला याहून सोयीची जागा नाही. ताई तीन महिने डोंबिवलीला बहिणीकडे राहिल्या. तिथे लिफ्ट होती आणि कमोडही. सल्ला देताना डॉक्टरनं घराचा नकाशा विचारायला हवा, हे मला मुंबईनं शिकवलंय. सर्जन बारा आठवडे म्हणून मोकळे होतात. ते बारा आठवडे कुठल्या मजल्यावर काढायचे हे घरच्यांना सोडवावं लागतं. केंद्र मुलानं आणि सुनेनं चालवलं. शस्त्रक्रियेनंतर पावलावर वरच्या बाजूला आलेली बधिरता दोन महिन्यांत गेली.

पहिल्या वर्षाच्या एक्सरेत वाटी तीन मिलिमीटर वर सरकलेली होती. सहकाऱ्यानं भुवई उंचावली. ठोकलेल्या हाडात सुरुवातीला असं थोडं बसणं अपेक्षित असतं. पाच मिलिमीटरच्या पुढे गेलं किंवा थांबलंच नाही तर काळजी. दुसऱ्या वर्षी आकडा तोच. भराव आणि जुनं हाड यांच्यामधली पुसट रेषा नाहीशी झाली होती आणि हाडाचे तंतू एकातून दुसऱ्यात गेलेले दिसत होते. एक्सरेत दिसणारे तंतू म्हणजे जिवंत हाड अशी शपथ घेता येत नाही, पण नायमेखेनला अशाच रुग्णांच्या पुढच्या शस्त्रक्रियेत घेतलेल्या तुकड्यांत नवं जिवंत हाड सापडलेलं आहे, काही ठिकाणी मेलेले अवशेष तसेच राहिले तरी.

ट्रोकँटरमध्ये मात्र उलट घडलं. तिथे भरलेल्या हाडाचा निम्म्याहून अधिक भाग दोन वर्षांत विरून गेला. दाते तेच, दिवस तोच, हात तेच. माझा अर्थ असा: उखळीतलं हाड ठोकलेलं होतं आणि प्रत्येक पावलाचा भार झेलत होतं, ट्रोकँटरमधलं सैल आणि बिनकामाचं. सहकाऱ्याच्या मते तिथल्या पोकळीत झिजेचे जुने कण राहिले असावेत. दोन्ही कारणं एकत्रही असू शकतात. दांडी घट्ट आहे, ट्रोकँटर मोडलेला नाही, म्हणून त्याला हात लावलेला नाही.

२०२५ च्या सुरुवातीला, तीन वर्षांनी, उजव्या जांघेत दुखत नाही. एक सेंटिमीटरचा फरक बुटात उंची वाढवून भरला आहे. झोल पूर्ण गेला नाही. बाजूचे स्नायू बराच काळ वाकड्या केंद्राभोवती काम करत होते, ते एवढ्यात पूर्ववत होणार नाहीत, व्यायाम चालू आहे. पोळ्या त्या आता उभ्यानं ओट्यावर लाटतात. गणपतीत मांडी घातली का, हे विचारल्यावर त्यांनी विषय बदलला.

डावा खुबा आता रात्रीही दुखतो आणि एक्सरेत सांध्यातली फट संपलेली आहे. तो दिवाळीनंतर बदलायचं ठरलंय: सिमेंटविना वाटी आणि दांडी, अस्तर क्रॉसलिंक केलेलं. तिथे उखळी अजून शाबूत आहे, तेव्हा भरावाची गरज पडू नये. उजव्या बाजूचा एक्सरे दर वर्षी त्याच दिवशी निघेल.